सातारा ते सांगली, जलमार्गे

४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
काल भाऊबीज. क्षमाताई सांगलीहून आली, मला ओवाळलं. खरं तर भावाने जायचं असतं, पण तिला प्रवासाची हौस आहे. निघताना म्हणाली, सांगलीचं घर आवरतेय. वीस जानेवारीला मुलाकडे बंगळुरूला जाणार, कायमची. त्याआधी एकदा येऊन राहून जा, देवा. (देवदत्तचा देवा तिने लहानपणीच केला.)
भाऊजी गेल्यापासून तीन वर्षं मी सांगलीला गेलेलो नाही. कारणं अनेक आहेत. सगळी योग्य आहेत.
निर्णय: जाणार. पण यष्टीने कोणीही जातं. मी कृष्णेतून जाणार. माहुलीच्या संगमावर बसायचं, सांगलीच्या घाटावर उतरायचं. तेही स्वतः बांधलेल्या लाकडी होडीतून, एकट्याने खांद्यावर उचलता येईल इतक्या हलक्या. कॅनडात लोक अशा होड्या घेऊन महिना महिना जंगलात जातात. तिला कनू म्हणतात. कॅनो नव्हे.

४ नोव्हेंबर, दुपारी
प्रस्ताव ज्ञानदासमोर ठेवला. बायको म्हणून तिला तीन शंका होत्या. किती दिवस लागतील? वाटेतल्या बंधाऱ्यांचं काय? आणि तुम्हाला पोहता कुठं येतं?
पहिल्या दोन शंकांचं समाधानकारक निरसन केलं.

९ नोव्हेंबर
रहिमतपूरचा जोतीराम सुतार येऊन गेला. दारं, देव्हारे, कॉट यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याला होडीचा आराखडा दाखवला. साडेचौदा फूट लांब, चार मिलिमीटरचं मरीन प्लाय, फळ्यांच्या कडा तांब्याच्या तारेने शिवायच्या, सांधे इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनाने भरायचे, वरून काचकापड, म्हणजे फायबरग्लास. एकूण वजन वीस किलो. जोतीरामने प्लायचा नमुना बोटांत वाकवून बघितला. "सायेब, एवढ्या पातळ फळीचं कुनी कपाटाला पाठ सुदिक लावत न्हाई. ह्यात मानूस बसायचा?"
मी म्हणालो, विज्ञान आहे.
"आमच्या मामाच्या गावाला गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करत्यात. वैरन घिऊन. काहील देऊ का बघून?"
दृष्टी नसलेला पण कामाचा माणूस. ठेवून घेतला.

१७ नोव्हेंबर
प्लाय पुण्याहून आलं. पार्किंगमध्ये काम सुरू. स्कूटर बाहेर, कनू आत. फळ्या तारेने शिवल्यावर खरोखर होडीसारखी दिसली. मला भरून आलं. ज्ञानदाही बघायला आली, पण कनू झाकायला जुनी चादर देऊन गेली.
उद्यापासून पोहण्याचा क्लास.

१८ नोव्हेंबर
थंडी.

२३ नोव्हेंबर
इपॉक्सी. डब्यावर लिहिलंय, सावकाश घट्ट होतं. वेळ वाचवावा म्हणून हार्डनर दुप्पट घातला. मग्यातून धूर आला, मग मगा वितळून गेला. जोतीराम लांब उभा राहून म्हणाला, "लय तापट हाय ओ हे."
माझी डाव्या पायातली चप्पल फरशीला चिकटली आहे. ती आता तिथेच राहील.

२ डिसेंबर
शेजारचे सुभेदार तात्याबा (सेवानिवृत्त, इंजिनिअर रेजिमेंट) पाहणी करून गेले. फौजेत त्यांनी नद्यांवर पूल बांधलेत. कनूला दोन बोटांनी टकटक केलं. म्हणाले, "बोट चांगली आहे. जवान कसा आहे?" मग थेट विचारलं, स्विमिंग?
तसं येतं, म्हणालो.
"तसं म्हणजे कसं?"
त्यांना माझा मुद्दा सांगितला. पोहता येणाऱ्याला होडी लागतेच कशाला? पोहता न येणाऱ्यासाठीच तर होडीचा शोध लागला. तात्याबा मान हलवत घरी गेले. पटलं असावं.

११ डिसेंबर
बंधारा आला की होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि काठाने चालत पुढे जायचं. त्यासाठी होडीच्या मध्यभागी आडवं जू लागतं. जोतीरामला सांगितलं, जू कर. आज घेऊन आला. बाभळीचं, बैलजोडीचं. खिळी, जोतं, सगळं यथासांग. वजन नऊ किलो.
"एकाच बैलाचं करायचं हुतं का?" म्हणाला.

१२ डिसेंबर
क्षमाताईचा फोन. भांडी काढायला घेतलीत, तुला काय हवंय सांग. भाऊजींची आरामखुर्ची ठेवू का? मी म्हटलं, होडीत मावणार नाही. ती म्हणाली, "बसनं ये रे. तीन तास लागतात."
तिला प्रकल्पाचं गांभीर्य कळलेलं नाही.

२२ डिसेंबर
भुसार दुकानाच्या काट्यावर कनूचं वजन केलं. एकतीस किलो. वजनकपात तातडीने सुरू. बसायची फळी काढून सुतळीची जाळी विणली. वल्ह्याच्या दांड्याला रंधा मारला. टूथब्रश अर्धा कापला. एकूण कपात: साडेतीन किलो.
ज्ञानदा म्हणाली, काट्यावर तुम्हीही उभं राहायचं होतं. विषय होडीचा आहे.

२९ डिसेंबर
खांद्यावर घेऊन चालण्याचा सराव. होडी डोक्यावरून घातली की समोरचं दिसत नाही, फक्त स्वतःचे पाय दिसतात. पायांवर विश्वास ठेवून निघालो. तात्याबांच्या फाटकाला टोक लागलं, वळलो, मागचं टोक दुधाच्या पिशव्यांना लागलं. घरी परतलो तेव्हा होडीवर कोणाचा तरी परकर होता.
सामान जमलं: तंबू, स्टोव्ह, शिट्टी, पाणी न शिरणारी पिशवी, होकायंत्र. ज्ञानदा म्हणते, नदी एकाच दिशेला जाते. असू दे.

५ जानेवारी
निघायची तारीख १२ जानेवारी. सहा दिवस वल्हवणं, १७ला सांगली, तीन दिवस ताईकडे. नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर केलं. एकोणीस अंगठे आले.
क्षमाताईचा अंगठा नाही. तिने खाजगीत लिहिलं, "देवा, तू पोहायला कधी शिकलास?"
उत्तर देणार होतो. रेंज गेली.

९ जानेवारी
पोहण्याच्या तलावावर गेलो. माहितीपत्रक आणलं.

१२ जानेवारी, सकाळी ७
निघतोय. हात थंड पडलेत. थंडीच आहे.

१२ जानेवारी, सायंकाळी ५
जे झालं ते क्रमवार नोंदवणं कर्तव्य आहे.
माहुलीच्या घाटावर आठ वाजता पोचलो, सोबत ज्ञानदा, जोतीराम आणि तात्याबा. बघतो तर पायरीवर क्षमाताई. पहाटेच्या यष्टीने आली होती, स्वेटर घालून, कानाला मफलर. मी म्हणालो, तू कशाला? ती म्हणाली, निरोप द्यायला. आवाज नेहमीचा नव्हता.
जोतीरामने आणि तात्याबांनी कनू पाण्यात सोडली. तरंगली! पिसासारखी तरंगली. मी लाइफ जाकीट घातलं, शिट्टी गळ्यात, उजवा पाय आत ठेवला. डावा पाय काठावर होता. कनू निघाली. दोन्ही पायांतलं अंतर वाढत गेलं आणि मी शिट्टी न वाजवता पाण्यात गेलो.
पाणी कमरेएवढं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते जोतीराम सांगत नाही. तात्याबांनी कॉलरला धरून उभं केलं आणि म्हणाले, "देवदत्तराव, उभे राहा. नुसतं उभे राहा."
उभा राहिलो. ताई पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आली होती. रडत होती. मला वाटलं हसतेय.
"लहानपणी वाईला घाटावर मी पोहायचे आणि तू माझे कपडे राखत बसायचास," म्हणाली. "साठ वर्षं झाली तरी पाण्याला भितोस, हे मला माहीत नाही होय रे? मग कशाला? घरी यायचं नव्हतं तर नाही म्हणायचंस."
मी म्हणालो, यायचं होतं.
"मग?"
दात वाजत होते. तरी बोललो. तुझ्या घरी भाऊजी दार उघडायचे. आता कोण उघडणार, हे बघायचं नव्हतं. होडी बांधायला दोन अडीच महिने लागतील, तोवर बघू, असं वाटलं.
हे मी आधी कुठेही लिहिलेलं नाही. ठरवून टाळलं होतं असंही नाही.
तिने मफलर काढून माझं डोकं पुसलं, सगळ्यांसमोर. जोतीराम पलीकडे बघत बसला.
मग ज्ञानदा म्हणाली, एवढी बांधलीय तर बघू तरी कशी चालते. तीही वाईची, घाटावर पोहून वाढलेली. दोघींनी पदर खोचले आणि बसल्या. कनू डुगडुगलीसुद्धा नाही. संगमाला वळसा घालून आल्या, परत गेल्या. ताईचं हसू काठापर्यंत ऐकू येत होतं. "सायेब, पळतीय की ओ!" जोतीराम म्हणाला. स्वतःच बांधलेल्या गोष्टीवर इतका चकित झालेला सुतार मी पाहिलेला नाही.
आराखडा निर्दोष होता, एवढं सिद्ध झालं.

१८ जानेवारी, सांगली
सकाळच्या यष्टीने आलो. तीन तास दहा मिनिटं. नदी डाव्या बाजूला होती म्हणे. मी उजवीकडे बसलो होतो.
बेल वाजवली. दार ताईने उघडलं. मग ती म्हणाली, आत ये, चहा गार होतोय. एवढंच होतं.
दिवसभर खोकी बांधली. भाऊजींचे चष्मे सात निघाले. कोणता ठेवायचा यावर आमचं भांडण झालं, मग दोघांनी एकेक घालून पाहिला. दोघांनाही काही दिसेना.
संध्याकाळी घाटावर गेलो. सांगलवाडीला सोडणारी नाव उभी होती. आठ माणसं, एक सायकल, गवताचा भारा. ताई म्हणाली, बसायचं? मी ठीक आहे म्हणणार होतो. "भीती वाटते," म्हणालो.
"माझा हात धर," म्हणाली.
मध्ये बसलो. एका हातात ताईचा हात, दुसऱ्या हातात कोणाची तरी दुधाची किटली, जी त्यांना परत हवी होती. चार मिनिटांत पलीकडे. डोळे बराच वेळ उघडे होते.
परत आयर्विन पुलावरून रिक्षाने आलो.