पहिल्या पायरीवरचं नाव

दुधनी, २ जुलै २०२५

ती. अक्कास शहाजीचा सा. न. वि. वि.

तुझ्या कॉन्व्हेंट शाळेत मरीयामातेच्या गुहेचा इतिहास छापताहेत, हे कळल्यापासून अण्णांनी माझं डोकं खाल्लंय. मूर्ती वर्षभर खोक्यात पडून होती, मग अडुसष्ट साली त्यांनी एकट्याने काळा दगड रचून गुहा उभी केली, हे दिवसातून चारदा सांगतात. पुस्तकात धुळाप्पा गवंडी हे आपलं नाव आलंच पाहिजे म्हणतात. आता जेमतेम महिनाभर काढतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, पत्रच टाक. मी कानाशी ओरडून वाचीन.

माया आहेच, ती राहू दे.
शहाजी

सोलापूर, ७ जुलै

चि. शहाजीस अनेक आशीर्वाद.

मोठ्या सिस्टरना भेटले. बाई भली, चहा पाजला. पण शाळेच्या दप्तरात फक्त देणगीदारांची नावं आहेत. काही पुरावा मिळाला तर सोळा तारखेपर्यंत छपाई थांबवू म्हणाल्या. अण्णांनी कुठे नाव कोरलं होतं का, विचार. आणि त्यांची दाढी कर रे, आळशा!

तुझीच,
मायाक्का

दुधनी, ११ जुलै

ती. अक्कास सा. न.

कोरलंय म्हणाले, पहिल्या पायरीवर! देवळात भक्त कोरतात तसं. भिंत सोडून पायरी कशाला, म्हटलं, तर म्हणाले की आईच्या दारात नाव उंचावर लावायचं न्हाय, लेकरांच्या पायाची धूळ लागाय पायजे की. तू लगेच जा. आज दोन घास जास्त जेवले.

शहाजी

सोलापूर, १५ जुलै

चि. शहाजीस आशीर्वाद.

पायरी धुतली, काथ्याने घासली, खडू फासून पाहिला. काही नाही रे. परीक्षेआधी मुली त्याच पायरीवर उभ्या राहून हात जोडतात. सत्तावन्न वर्षांत दगड ताटासारखा गुळगुळीत झालाय. सिस्टरनीही हात फिरवला, एक अक्षर लागेना. त्यात दहा वर्षं माझे पाय होते. अण्णांनी हौसेने मला त्या शाळेत घातलं आणि मीच त्यांचं नाव पुसलं. पुस्तक उद्या छपाईला जातंय. त्यांना काय सांगायचं ते तूच ठरव, माझ्याने होत नाही.

मायाक्का

दुधनी, १९ जुलै

ती. अक्कास सा. न.

पत्र आलं तेव्हा अण्णा उठून बसलेलेच होते. मी भलतंच वाचलं, की नाव सापडलं, पहिल्या पानावर येतंय. ते रडले गं. मलाही बरं वाटलं.

आता रोज पोस्टमनची वाट बघतात. वाचता येत नसलं तरी आपलं नाव ते ओळखतात, त्यामुळे दुसरं पुस्तक पुढे करायचीही सोय नाही. पोटातली कळ दातांखाली दाबून धरतात, पण पुस्तक बघितल्याबिगर जायचं न्हाय म्हणतात. एवढ्या वेदनेत हा माणूस कशासाठी अडून बसलाय, असं काल डॉक्टरांनी मला विचारलं. अक्का, मी काय करून बसलो?

तुझा,
शहाजी