मऊ टोमॅटोंचा वाटा

“मावशी, असले मऊ टोमॅटो घेतं तरी कोण ओ?”

अम्मी, काल बाजारात हे मी आपल्या मनानं विचारलं नव्हतं. अनुजा आणि वर्गातल्या बाकीच्या पोरींनी पैज लावलेली, आणि पैज म्हटल्यावर मी मागं सरते होय?

भाजीवाल्या मावशींनी तुझ्याकडं हात केला. “ह्या ताई घेत्यात की. बाजार उठताना, भाव पडल्यावर, अख्खा वाटा.” पोरी हसल्या. मीपण हसले. तू माझ्याकडं बघितलंस, पोरींकडं बघितलंस आणि परक्या पोरीला म्हणावं तसं म्हणालीस, “बाळ, सरक जरा, पिशवी भरू दे.” आणि मी सरकले.

घरी आल्यावर तू मला रागावली नाहीस. अब्बांनाही सांगितलं नाहीस. उलट माझ्या ताटात टोमॅटोची चटणी जास्त वाढलीस.

हीच चटणी अनुजा माझ्या डब्यातनं बोटानं पुसून खाते आणि विचारते, “तुझी अम्मी घालती तरी काय ह्यात?” मी नुसती मिरवते.

तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडस न्हाय, म्हणून सायकल घेऊन लवकर निघालीय. दूध तापवून झाकलंय. चटणीची बरणी सगळीच नेलीय, रागावू नको.

अब्बा, तुम्हीपण वाचा. मी ठरवलंय. आज डबा उघडला की ही चटणी कशाची आणि त्या ताई कोण, दोन्ही पोरींना सांगणार. आणि पुढच्या रविवारी बाजार उठताना अम्मीची पिशवी मी धरणार.

शबनूर