बाबा आले का

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले, उत्तर आज लिहितोय. एकाच आठवड्यात दोन इमारतींच्या लिफ्ट बंद पडल्या आणि मी दोन्हींच्या खड्ड्यांत उतरून ग्रीसने माखलो. आईची गुडघ्याची तक्रार चालू आहे, म्हणजे तब्येत चांगली आहे असं समज.

आपलं शेंडेफळ, टिल्लू, एकशे आठ किलोचं झालंय. त्याचं हे नाव ऐकून रग्बी क्लबातली नवी पोरं हसतात, मग स्क्रममध्ये, खांदे भिडवून ढकलाढकली करायला, त्याच्यासमोर वाकून उभी राहिली की हसणं विसरतात. दिवसभर खिडक्यांच्या काचा उचलतो, संध्याकाळी माणसं. यंदा पुढच्या फळीत तो आणि मी खांद्याला खांदा लावून आहोत. काका क्लबचा सचिव, मी कप्तान, त्यात हा. लोक म्हणतात, हा रग्बीचा क्लब नाही, तुमच्या घराचं मागचं अंगण आहे.

बाबांची हिरवी घडीची खुर्ची अजून प्रत्येक मॅचला नेतो आणि कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, त्यांच्या जागी मांडतो. मैदानात उतरायच्या आधी टिल्लू विचारतो, बाबा आले का. मी म्हणतो, आलेत, ओरडतायत. त्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण हे विचारल्याशिवाय हा गडी बुटाची नाडी बांधत नाही. तू हसशील. हस बापडी.

या हंगामात मलमपट्टीला एक मुलगी आलीय, फिजिओथेरपी शिकून नुकतीच बाहेर पडलेली. पोरं तिला पट्टीवाली म्हणतात. काडीएवढी आहे, पण सगळ्यांना दटावते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ


२१ ऑगस्ट

चि. भाऊस,
अ. आ.

मागचं अंगण म्हणणारे चुकतात. आपल्या अंगणात कोणी कोणाचे दात पाडल्याचं मला आठवत नाही. टिल्लूने एकदा तुझा पाडला होता, पण तो पडायलाच आला होता.

खुर्चीचं वाचून हसू नाही आलं. बाबा तिच्यावर बसून मॅचच्या दोन्ही अर्धांत एकच गोष्ट ओरडायचे, खाली वाका, खाली वाका. घसा बसला की आई घरी मुद्दाम त्यांच्याशी जास्त बोलायची, कारण तेव्हा उलट उत्तर यायचं नाही.

आता थोरल्या बहिणीचा कंटाळवाणा भाग. मी रोज स्कॅनच्या मशीनवर डोकी बघते. बाहेरून साधं टेंगूळही नसतं आणि आत काय झालेलं असतं ते मलाच पाहवत नाही. डोक्याला लागलं की तीन आठवडे बाहेर, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. टिल्लू ऐकणार नाही, तो कोणाचंच ऐकत नाही. तू कप्तान आहेस, तू ओळखतोस त्याला, म्हणून तुझ्यावर सोपवते.

फोनवर आई शेजारी बसून एकेक वाक्य मागून घेते. तेव्हा खरं काही लिहायचं असेल ते पत्रातच लिही.

माया जास्त आहे, म्हणून बडबड जास्त.

तुझी,
ताई


२ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. आ.

आत्ताच पोचले. घर उघडलं आणि बॅग तशीच ठेवून तुला लिहायला बसले आहे.

दहा दिवस मी तिथे होते. टिल्लूची कवटी उघडून रक्त काढलं, नवव्या दिवशी त्याने डोळे उघडले, बायकोचा हात धरला, आणि सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. त्यात तू नव्हतास. तू जिन्यात होतास. त्याची स्कॅन मला दाखवली होती, म्हणून मला माहीत होतं की मिठ्या मारण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तो जगेल. पण गेली पाच-सहा वर्षं त्याच्याकडे नाहीत, आणि आज सांगितलेलं उद्या राहत नाही. हे परत येईल असं मी आईला सांगितलं. ते खोटं होतं.

आता जे विचारायचं ते विचारते. पहिला मार बसला तेव्हा मॅच संपायला आठ मिनिटं उरली होती, असं सगळे म्हणतात. पट्टीवाली आत धावली, तू तिच्या शेजारी होतास, असंही म्हणतात. मग तो पुन्हा खेळला कसा? तुझ्या पोरांना विचारलं तर ती बुटांकडे बघतात. काका म्हणतो, पोरगी नवीन होती, तिने तपासून परवानगी दिली. ती पोरगी मला दवाखान्याच्या दारात भेटली. आत यायची तिची छाती नव्हती. तिला विचारलं, तर एवढंच म्हणाली की तुमच्या भावाला विचारा.

म्हणून विचारते. दहा दिवसांत तू एकदाही माझ्या डोळ्यांत बघून बोलला नाहीस.

उत्तर येईपर्यंत जीव थाऱ्यावर नाही.

ताई


९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनदा लिहून फाडलं. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

आम्ही तीन गुणांनी मागे होतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला टॅकल करून पाडताना त्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. उठला आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या रांगेत उभा राहिला. लोक हसले. पट्टीवाली धावत आली. तिचे पाच प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या मैदानावर आहोत, पहिला अर्ध की दुसरा, शेवटचे गुण कोणी घेतले, मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलो, जिंकलो का. एक जरी चुकला तरी खेळाडू बाहेर. पहिले तीन त्याने अडखळत सांगितले. चौथ्याला तो माझ्याकडे वळला आणि विचारलं, दादा, बाबा आले का.

ताई, मला हसू आलं. हायसं वाटलं. म्हटलं, थट्टा सुचतेय म्हणजे गडी शाबूत आहे. मी नेहमीसारखं म्हणालो, आलेत, ओरडतायत. त्याने कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

पट्टीवाली म्हणाली, हे उत्तर नाही, मी याला बाहेर काढते. मी तिला म्हटलं, हा आमच्या घरातला प्रकार आहे, तुला नाही कळायचा, माझा भाऊ आहे, मी ओळखतो त्याला. ती दोनदा नाही म्हणाली. मी आवाज चढवला. कडेवरून काका ओरडला, खेळ सुरू करा. बावीस वर्षांची पोर, समोर आमचं अख्खं घर. ती बाजूला झाली.

चार मिनिटांनी त्याला दुसरा मार बसला. साधाच होता, एरवी तो नाक पुसून उठला असता.

तो खरंच विचारत होता, ताई. त्याला खरंच माहीत नव्हतं.

आता चौकशी आहे. काकाने कागद तयार केलाय, त्यात पट्टीवालीने तपासून खेळायला सोडलं असं आहे, खाली माझी सही हवी. काका म्हणतो, एक पोरगं गेल्यातच जमा, दुसरं कशाला घालवायचं. ती तरुण आहे, लागेल कुठेतरी. आई तिला शिव्या देते आणि मी ऐकतो. टिल्लूची बायको मला रोज चहा करून देते. म्हणते, दादा, तुम्ही होतात म्हणून मी उभी आहे. तो चहा मी पितो.

काय करू ते सांग. लोभाचं लिहायला लाज वाटते.

भाऊ


१५ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अ. आ.

आशीर्वाद लिहायला हात उठत नव्हता. पण लिहिलाय, तो घे.

तू त्याला मारलं नाहीस. तू चुकलास, आणि ही चूक परक्या माणसाच्या हातून झालीच नसती. परक्याने त्याला गपगुमान बाहेर बसवलं असतं. मीही यात आहे. तुझ्यावर सोपवते असं मीच लिहिलं होतं. रोज डोकी बघणाऱ्या बाईने लिहायला हवं होतं की पट्टीवालीचं ऐक.

पण सही केलीस तर ती चूक राहणार नाही. मग तू डोळे उघडे ठेवून एका पोरीला खड्ड्यात ढकललंस. तिला कुठेही लागणार नाही. खेळाडू हिच्या हातून असा झाला, हे कागदावर आल्यावर तिला दारात कोण उभं करील? काकाला म्हणावं, घरातलं झाकायला दुसऱ्याची लेक वापरू नये.

आधी टिल्लूच्या बायकोला सांग. चौकशीच्या आधी, आईच्याही आधी. तिने हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकता कामा नये. ती तुला बोल लावेल. ऐकून घे, मधे बोलू नकोस.

आणि टिल्लू अजून बाबांचं विचारतो असं आई फोनवर म्हणाली. त्यालाही खरं सांगा. ते जुनं उत्तर आता पुरे.

मी तुझी बहीण आहे, हे काही झालं तरी बदलणार नाही.

ताई


२३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस त्याच क्रमाने सगळं केलं.

टिल्लूच्या बायकोला स्वयंपाकघरात सांगितलं. ती कप विसळत होती. तिने माझ्या पुढ्यातला चहा उचलून मोरीत ओतला आणि दार उघडून उभी राहिली. तेव्हापासून मला त्या घरात मज्जाव आहे. चौकशीत जे घडलं ते सांगितलं. पट्टीवालीवरचा ठपका गेला, मला क्लबातून कायमचं काढलं. ती मुलगीही क्लब सोडून गेली. तिची माफी मागितली, तिने ऐकून घेतली, माफ केलं असं काही म्हणाली नाही. काका रस्ता बदलतो. आई जेवायला वाढते, ताटाकडे बघत.

टिल्लूला दवाखान्यातून त्याच्या घरी आणलंय, आई रोज तिकडे जाते. रोज संध्याकाळी पाच वाजले की तो बूट घालून दाराशी बसतो आणि विचारतो, बाबा आले का. आईने त्याला खरं सांगितलं. बाबा गेले त्या दिवशी रडला होता तसाच तो रडला. दुसऱ्या दिवशी विसरला, पुन्हा विचारलं. आईने पुन्हा सांगितलं, तो पुन्हा तसाच रडला. असे सहा दिवस. सातव्या दिवशी आईने हात टेकले. मग बायकोने त्याला सांगून पाहिलं की हो, आलेत. त्याला पटेना. म्हणाला, दादाला विचारा.

तेव्हापासून ती मला रोज पाचला फोन करते. कुठल्याही लिफ्टच्या खड्ड्यात असलो तरी मी पावणेपाचला वर येतो, कारण खाली फोन लागत नाही. ती माझ्याशी बोलत नाही. फोन त्याच्या कानाला लावते. तो विचारतो, दादा, बाबा आले का. मी सांगतो, आलेत, ओरडतायत. तो हसतो. मला ऐकू येतं. मग बुटाच्या नाड्या बांधायला लागतो, आणि ती फोन ठेवते.

तू म्हणाली होतीस, ते उत्तर पुरे. ताई, तेवढं एक तुझं ऐकता येत नाही.

कळावे. लोभ मागत नाही, पत्र मात्र पाठवत जा.

भाऊ