मध परत पाठवा

३ ऑगस्ट, सकाळी ७
कॉलेज सोडल्याची लाज वाटण्याचं कारण नाही. सोडलं, काढलेलं नाही. प्राध्यापकाशी दोन शब्द जास्त झाले आणि दाराची काच फुटली, एवढंच. आजपासून नवं आयुष्य. बिसिल गावातल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंसेवक झालो. ज्यांचं कोवळ्या वयात लग्न ठरू घातलंय अशा मुली शोधायच्या, फॉर्म भरायचा. मग परदेशातलं कोणीतरी स्पॉन्सर होऊन तिच्या शाळेचा भार उचलतं. फॉर्मच्या तळाशी रकाना आहे : मुलीला कोणी आणलं? महिनाअखेर दहा फॉर्मांवर तिथे माझं नाव असेल. वसतिगृह सिलान्तोई टीचर चालवते. त्याचा माझ्या निर्णयाशी संबंध नाही.

५ ऑगस्ट
भाषण तयार. मुद्दा एकच. म्हाताऱ्याने मधाचा डबा पाठवला आणि घरच्यांनी तो ठेवून घेतला, की आपल्यात पोरगी त्याला दिली असंच धरतात. तेव्हा : मध परत पाठवा. सिलान्तोईला वाचून दाखवलं. म्हणाली, चांगलं आहे, तीन पानं कमी कर. म्हणजे चांगलं आहे.

८ ऑगस्ट
गुरांच्या बाजारात भाषण. गर्दी होती. शेजारी बोकडाचा सौदा चालू होता, त्यामुळे असेल. एक बाई म्हणाली, शाळा एवढी गोड आहे तर तू का रे परत आलास पोरा? मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. ती आईच्या वयाची होती. फॉर्म : शून्य.
उद्यापासून डोकं थंड.

९ ऑगस्ट
मोटरसायकलवाल्याशी भांडण. चूक त्याची.

११ ऑगस्ट
रेसियातो, माझी धाकटी बहीण, वय तेरा, म्हणाली, दादा, मला एक फॉर्म दे ना. हसलो. म्हटलं, फॉर्म मोजके आहेत, ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी. तुला मी आहे ना. म्हणाली, तू आहेस म्हणूनच मागतेय. मग वासरांकडे निघून गेली. हल्ली फार तिरकं बोलते. बाबा गुरं घेऊन चाऱ्यासाठी सीमेकडे गेलेत, घरात कर्ता मी. हिला कसली भीती?

१४ ऑगस्ट
ठरलं. सिलान्तोईच्या वडिलांकडे मागणी घालणार. रिकाम्या हाताने जाता येत नाही, मध हवा. आणि यंदाच्या दुष्काळात मधमाश्यांची पोळी कोरडी.

१५ ऑगस्ट, दुपार
योगायोग. शेजारच्या वस्तीवरचे म्हातारे ओले कुया रस्त्यात भेटले. तीन बायका, चार दात. म्हणाले, बाजारात ऐकलं तुझं, पोरा. असं बोलणारा या भागात दुसरा नाही. हा डबा घरी ने, आईला दे. म्हटलं, कशासाठी? म्हणाले, शेजारी आहोत ना.
जरा थांबलो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं शोभत नाही. शिवाय डबा वीस लिटरचा.
आईच्या हातातलं काम थांबलं. म्हणाली, तू हातात घेतलास? म्हटलं, दोन्ही हातांनी, जड होता. रेसियातोने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

१८ ऑगस्ट
त्यातला पाच लिटर घेऊन सिलान्तोईच्या घरी. तिच्या वडिलांनी चहा दिला आणि विचारलं, कुणाच्या पोळ्यातला? म्हटलं, आमच्याच. म्हणाले, तुमच्याकडे पोळी कधीपासून? मी हवापाण्यावर बोललो. डबा दारात ठेवून आलो. लग्न निम्मं ठरलं असं धरायला हरकत नाही.

२१ ऑगस्ट
रेसियातो सकाळपासून दिसत नाही. रुसली असेल.

त्याच दिवशी, दुपारी
बाबा आले. त्यांच्या पाठोपाठ ओले कुयांची माणसं, लग्नाचा दिवस विचारायला. ती माणसं गेल्यावर बाबा म्हणाले, दोन वर्षं मी त्याचा डबा दारातूनच परत पाठवत होतो. तू घरात घेतलास. थोरल्याने घेतला म्हणजे मीच घेतला.
आवाज चढवला नाही. चढवला असता तर उत्तर देता आलं असतं.

२२ ऑगस्ट
रेसियातो वसतिगृहात आहे. बावीस किलोमीटर, तुटक्या चपलेने. फॉर्म माझ्याच पिशवीतून घेतला, भाषणाखालून. मला भेटायला बाहेर आली नाही.
सिलान्तोईने टेबलावर माझा पाच लिटरचा डबा ठेवला. म्हणाली, वडिलांनी परत पाठवलाय. मग म्हणाली, बस. परदेशातल्या एका बाईंना स्पॉन्सर व्हा म्हणून पत्र लिहायचंय. मुलीवर ही वेळ का आली ते. तुझं अक्षर चांगलं आहे.
लिहिलं : एका नातेवाइकाने अनवधानाने मध स्वीकारला. तिने 'एका नातेवाइकाने' खोडलं, 'भावाने' लिहिलं. 'अनवधानाने' नुसतंच खोडलं.

२४ ऑगस्ट
बाबा आणि मी डबा घेऊन ओले कुयांच्या दारात. बाबा म्हणाले, तूच बोल, तुला बोलता येतं. तिन्ही बायका, सुना, सगळी वस्ती बघत होती. भाषणातलं एक वाक्य आठवलं नाही. म्हटलं, चुकलं माझं. बहीण शाळेत जाणार आहे. हा मध परत.
म्हाताऱ्याने झाकण काढून बघितलं. म्हणाला, पोरगी शाळेत गेली, मध कुठे गेला? सांगितलं, रोज चहात घालत होतो. आधी धाकटी बायको हसली, मग सगळे. पण डबा त्याने आत नेला.

२६ ऑगस्ट
स्पॉन्सर मिळाली. रेसियातोची शाळा सोमवारी सुरू. महिनाभरातले फॉर्म : एक. सिलान्तोई म्हणाली, पेन्सिलने भरलाय, शाईने उतरवून दे.
सगळे रकाने उतरवले. शेवटचा : मुलीला कोणी आणलं? रेसियातोने लिहिलंय, मी. चालत.
तेही उतरवलं. चांगल्या अक्षरात.