पाठीमागचा डावा हात

डेटन, ओहायो
३ मार्च १९७४

चि. आर्डेला हिस लुशियसमामाचे अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तुमच्या ‘लो मून सोसायटी’ बँडचे संगीत चंद्रावरून आलेले नाही, ते आपल्या चर्चमधून आले आहे. तुमचा म्होरक्या रोझेल मासिकवाल्यांना सांगतो, की त्याने डावा हात पाठीमागे नेला की चंद्रावरून आज्ञा सुटते आणि सारे वादक एका ठोक्यावर थांबतात. काल चर्चच्या तळघरात तुमची तालीम चालली असताना जिन्यावरून मी तो चमत्कार पाहिला. रविवारी पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवणाऱ्या आमच्या स्वयंसेवकांची ती खूण आहे. अर्थ, ‘दारे धरा’, म्हणजे जागीच थांबा, कोणाला आत सोडू नका. रोझेल ती माझ्या हाताखाली शिकला. तेव्हा चंद्र तेथे हजर नव्हता.

हे आताच लिहिण्यास कारण आहे. बुधवारी, तेरा तारखेला, आमच्या चर्चचा कारभारी डीकन थर्मन तुम्हाला तळघरातून काढण्याचा ठराव मांडणार आहे. तुमचे ते नाचरे फंक संगीत त्याला सैतानाचे वाटते. खूण चर्चची ठरली तर त्याचा आधारच निखळतो. रोझेलने सभेत येऊन कबुली द्यावी.

बँडचा तो चंदेरी झगा घालून गाडीतून उतरतेस, तेव्हा वर कोट असू दे.

तुझा मामा,
लुशियस पेटिफर्ड

सिनसिनाटी
१० मार्च

ती. मामांस आर्डेलाचा सा. नमस्कार.

काल तालमीत तुमचे पत्र मोठ्याने वाचले. ‘चंद्र हजर नव्हता’ला ट्रम्पेटवाले खुर्च्यांवरून घसरले. रोझेल म्हणाला, मामा म्हणजे चालतेबोलते कोर्ट. तो येईल, पण गल्लीतली पोरे हात पाठीमागे नेऊन चंद्राशी बोलत हिंडतात, त्यांच्यापुढे त्याला खोटे पाडू नका म्हणतो.

मामा, एवढ्या माणसांना आणि तीन ड्रमसंचांना दुसरे कोण थारा देणार? तळघर गेले तर आम्ही पांगलोच. बुधवारी मला शाळा आहे, म्हणून सारे तुमच्या हाती. जरा तापून बोला, एरवीसारखे बर्फ होऊ नका. निकाल लगेच कळवा.

तुमची लाडकी (हे तुम्ही सिद्ध करू नका),
आर्डेला

डेटन
१४ मार्च

चि. आर्डेलास आशीर्वाद.

ठराव पडला! हे उद्गारचिन्ह मी पत्रात सहसा वापरत नाही.

मी हात पाठीमागे नेला. दारावरचे स्वयंसेवक जागीच थबकले. रोझेलने सोबत आणलेल्या बँडपुढे नेला, वाद्ये त्याच ठोक्यावर थांबली. सिद्ध झाले म्हणून मी खाली बसतो, तोच आमचे स्वयंसेवक मंडळ उभारणाऱ्या नव्वदीच्या मदर युलाली काठी टेकत उठल्या. अलाबामात त्यांचे वडील शनिवारच्या नाचाला बँड वाजवत आणि याच हाताने तो थांबवत, असे त्यांनी सांगितले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “लुशियस, ही खूण मी नाचातून चर्चमध्ये आणली. तू मला कधी विचारलंस का रे?”

थर्मन उसळून म्हणाला, की मग सैतानाचीच ठरली. त्यावर मदर म्हणाल्या, “मग आधी तुझे हातमोजे काढ, बाबा. दर रविवारी तोच हात करतोस.”

सभा हसून लोटपोट झाली, थर्मनसुद्धा. मग मदरनी बँड सुरू करायला लावला आणि ऐन रंगात स्वतःचा डावा हात पाठीमागे नेला. अशी शांतता मी प्रार्थनेतही ऐकलेली नाही. हात खाली आला, पहिला ठोका पडला आणि सारे चर्च उभे राहिले. मीही.

खुणेचा उगम चर्च, असे मी लिहिले. जाणती साक्षीदार पहिल्या रांगेत असताना तिला न विचारता निष्कर्ष काढला. ही माझी चूक. मदरच्या वडिलांना ती कोणी शिकवली, हे त्यांनाही ठाऊक नाही. तेव्हा चंद्राविषयीचे माझे विधान मी तूर्त मागे घेतो.

माया आहे तशीच राहू दे.

लुशियस पेटिफर्ड