पाऊण मिलिमीटर

दादा,

तू गायलेली ती एकुलती एक सोल संगीताची एलपी काल पुन्हा लावली. एकवीस वर्षांपूर्वी ती ऐकून मीच सगळ्यांदेखत म्हणालो होतो, "दादा, आवाज कसला, पिपाणी आहे ही!" माझा कान पक्का, अशी घरात ख्याती. तू हसलास आणि पुन्हा कधी गायला नाहीस.

काल तबकडीवर कागदाचा कपटा ठेवून मिनिटाचे फेरे मोजले. हवे होते तेहतीस आणि वर एक तृतीयांश, भरले छत्तीस. रेकॉर्ड प्लेअरच्या मोटरची पुली तेव्हा मीच लेथवर घडवलेली, कुणाला न विचारता. ती पाऊण मिलिमीटर जाड निघाली. म्हणून तुझा आवाज पळत होता, चिरकत होता. नवी पुली बसवली. काय भरदार गायला आहेस रे!

उद्या तुझी लेक येतेय. फोनवर म्हणाली, "काका, बाबांचं गाणं ऐकव ना. ते तर गुणगुणतही नाहीत." ऐकल्यावर ती विचारणारच, मग गाणं का सोडलं?

हे पत्र टपालात टाकायची छाती नाही. एलपीच्या कव्हरात ठेवतोय. तबकडी बाहेर काढायला उद्या तिलाच सांगेन.

तुझा,
पक्क्या कानाचा धाकटा