केशवरावांची सातवी खिडकी

शहापूर (भंडारा),
१९ जानेवारी २०२५

प्रिय भोजराज,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र चुलीत घालायचा विचार असेल, तर आधी रुखमावहिनींच्या हातात दे. त्या वाचतील आणि तुलाही वाचायला लावतील. फोन करून करून थकलो. तीन वर्षं झाली, तू माझा फोन उचलत नाहीस, आणि दुसऱ्याच्या फोनवरून तुला फसवून बोलणं मला पटत नाही.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या चंदावहिनीचे गुडघे थंडीत कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. तुमच्या लाखांदूरकडे धानाच्या बांध्यांमध्ये जवस निळा फुलला असेल. सासरच्या शेतात तू आता पक्का शेतकरी झाला असशील म्हणा, पण काच कापणारा तुझा हात विळ्यावर कसा बसला, हे मला अजून कळत नाही.

माझं काम जोरात आहे. साठीला आलो, तरी माझ्यासारखा सांधा जुळवणारा मिस्त्री भंडाऱ्यापर्यंत दाखव. माझ्यावर कितीही रागावलेला असलास तरी एवढं तू मान्य करशील.

गेला पंधरवडा केशवरावांकडे होतो. हायवेला लागून असलेलं त्यांचं घर तू विसरणं शक्य नाही. ट्रकांचा आवाज नको म्हणून आपण तिथे सात खिडक्यांना डबल काचा बसवल्या होत्या. सागवानी चौकटी माझ्या, काचा तुझ्या. दोन पावसाळे गेले आणि सहा खिडक्यांच्या काचा धुरकट झाल्या. आतून पुसलं, बाहेरून पुसलं, ओल दोन काचांच्या मधे, ती जाणार कशी? तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की भोजराजने हलका माल आणला.

आता केशवरावांनी मलाच बोलावलं. म्हणाले, "चौकटी मजबूत हायेत इश्वर, त्या काहून फेकायच्या? नुसत्या काचा बदलून दे." मी छाती फुगवून गेलो. चौकटी खरंच जशाच्या तशा, एक सांधा हललेला नाही. मापं घेतली, नागपूरहून नव्या काचा मागवल्या आणि पटाशी घेऊन जुन्या पट्ट्या काढायला बसलो.

पहिली काच उतरवली, कडेवरून बोट फिरवलं. दोन काचांना धरून ठेवणारं ते काळं सील उन्हात ठेवलेल्या गुळासारखं बोटाला चिकटून आलं. नाकाशी नेलं तर जवसाच्या तेलाचा वास. दुसरीचं तेच, तिसरीचं तेच. सहावीपर्यंत तेच.

मग सातव्या खिडकीपाशी गेलो, स्वयंपाकघराच्या. ती अजून लख्ख आहे, मागच्या पेरूवरची मुंगीसुद्धा दिसते. ती तू एकट्याने बसवली होतीस. मी त्या दिवशी पोरीच्या सोयरिकीसाठी साकोलीला गेलो होतो. पट्टी हलकेच काढून आत पाहिलं. माझी ती तेलाची लांबी, म्हणजे पुट्टी, कुठेच नाही. काच रबराच्या ठोकळ्यांवर बसलेली, भोवती थोडी मोकळी जागा, आणि पाणी निघून जायला चौकटीच्या तळाशी दोन बारीक भोकं. माझ्या सागवानाला मला न विचारता पाडलेली. सातही काचा एकाच गाडीतून आल्या होत्या, भोजराज. माल एकच होता.

तुला हे सगळं आधीपासूनच माहीत आहे. तरी माझ्या हाताने लिहितो. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून लांबी करायची, ही माझ्या बापाची रीत. साध्या काचेला ती चाळीस वर्षं पुरली, म्हणून डबल काचेलाही मी तीच थापली. तू माझ्या हातातला गोळा धरून म्हणाला होतास, "गड्या, तेल नको लावू. या काचेचं सील खाऊन टाकते ते." आणि मी काय म्हणालो? "तू काच वीक. लाकडाचं मले नको शिकवू."

एक गोष्ट अजून राहिली. तिच्यासाठी हे पान दोनदा बाजूला ठेवलं. "भोजराजची काच, बारा महिने धुकं" हे जे गावभर झालं, ज्याला हसून गिऱ्हाईक तुझ्या दुकानावरून पुढे जाऊ लागलं, ते तुला वाटलं तसं समोरच्या दुकानदाराने उठवलेलं नव्हतं. स्टॉपवरच्या चहाटपरीवर ते पहिल्यांदा मी म्हणालो. लोक हसले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालो. सहा महिन्यांत तू दुकानाला कुलूप लावलंस आणि मी निरोप द्यायलाही आलो नाही. मला त्याची लाज वाटते.

काल त्याच टपरीवर, भर गर्दीच्या वेळी उभं राहून सगळं सांगितलं. टपरीवाला सोमाजी म्हणाला, "आता कायले सांगून राहिला, मिस्त्री? कोणाले आठवते ते?" मी म्हटलं, "मले आठवते. त्यालेही आठवत असन." चहा तसाच ठेवून घरी आलो.

पाच खिडक्या मी तुझ्या रीतीने बसवल्या. सहावी, रस्त्याकडची, एसटी स्टॉपसमोरची मोठी, रिकामीच ठेवली आहे. तिच्या चौकटीतलं तेल खरवडून काढलं, आणि खाली दोन भोकं माझ्या हाताने पाडली. नवी काच भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि चौकटीवर सध्या प्लायवूड ठोकलं आहे. ट्रकांच्या आवाजाने केशवराव वैतागले आहेत, पण कारण ऐकल्यावर महिनाभर थांबतो म्हणाले.

ती काच तू बसव. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या घरचं पाणीही पिऊ नकोस, काम झालं की संध्याकाळच्या एसटीने परत जा. मी तिथे नको असेन तर तेही कळव, त्या दिवशी साकोलीला जाईन. पण स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसांना काचेवर तुझा हात दिसू दे.

या काचांमध्ये ज्याने धुकं भरलं, तो,
इश्वर मिस्त्री